बोलायला पाच मिनिटं

५ डिसेंबर २०१३. तुम्ही फ्लोरिडाच्या राजधानीत, टॅलाहासीत, दया मंडळासमोर बसला आहात. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात घड्या पडून पडून फाटायला आलेला कागद. शिक्षा कधीच भोगून झाली. कर भरता, पण मत देता येत नाही. फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेल्याचं मत काढून घ्यायची तरतूद राज्याच्या १८६८च्या घटनेतली. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आज इथल्या साधारण पाच काळ्या प्रौढांपैकी एकाला मत नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

समोर गव्हर्नर रिक स्कॉट आणि तीन मंत्री. नुसता अर्ज करायलाच शिक्षा संपल्यावर पाच किंवा सात वर्षं थांबावं लागलं. आता पाच मिनिटं बोलायचं. दारू पिता का, गाडी चालवताना किती दंड झाले, असलंही विचारतात.

एक गोरा गृहस्थ उठतो. हक्क नसताना २०१० साली मत दिल्याचं कबूल करतो. वर, ते तुम्हालाच दिलं, असं गव्हर्नरांना सांगतो. स्कॉट हसतात. हक्क मंजूर!

आता तुमची पाळी. गव्हर्नर नाही म्हणाले की विषय संपला. कारण द्यायचं बंधन नाही, कारण निर्णय कसा घ्यायचा याचा नियमच नाही.

पाच वर्षं पुढे चला. स्वतः शिक्षा भोगून वकिलीची पदवी मिळवलेले डेस्मंड मीड, शिक्षा संपलेल्यांना मत परत मिळावं म्हणून, राज्य पालथं घालताहेत. ६ नोव्हेंबर २०१८ला तसा हक्क देणारी, मतपत्रिकेवरची ‘चौथी दुरुस्ती’ ६४ टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर होते. सुमारे १४ लाख लोकांचा रस्ता मोकळा होतो. ८ जानेवारी २०१९ला तुम्ही नोंदणीचा अर्ज भरताय. फेलनीची शिक्षा झालेली नाही, किंवा झाली असल्यास हक्क परत मिळाला आहे, या ओळीशी पेन अडतं. मग खूण करता.

जूनमध्ये नवा कायदा येतो: आधी दंड, कोर्टाचा खर्च, भरपाई चुकती करा. किती? कोर्टाच्या खिडकीवर विचारा. एका ठिकाणी सगळा हिशेब राज्याकडेच नाही. (आपल्याकडे भारतात तुरुंगात असेतो मत नाही; सुटल्यावर, निवडणूक गुन्ह्यांसारखे अपवाद सोडले तर, कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत.) मे २०२०मध्ये न्यायाधीश रॉबर्ट हिंकल फ्लोरिडाचा हा नवा कायदा बऱ्याच अंशी घटनाबाह्य ठरवतात. सप्टेंबरमध्ये वरचं कोर्ट ६ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवतं.

ऑगस्ट २०२२. तुम्ही टीव्हीसमोर. गव्हर्नर डिसँटिस २० जणांवर बेकायदा मतदानाचे खटले जाहीर करताहेत. खून आणि लैंगिक गुन्हे दुरुस्तीतून वगळलेले होते, म्हणून. यातल्या कित्येकांकडे मतदार कार्ड होतं. ते काउंटीच्या निवडणूक कार्यालयानंच दिलं होतं.