न मोजलेली दहा वर्षं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलो हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या मुक्कामातली एक गोष्ट मनात घोळत होती, ती आज सांगतो.

आमचा नातू इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला शिकतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आजोबा, चला, सॉकरची मॅच बघू." सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. तिकडे फुटबॉल म्हटलं की चेंडू काखोटीला मारून पळायचा तो धसमुसळा खेळ! मैदानाला जेरी येग्ली यांचं नाव आहे. हे कोण, म्हणून नातवाला विचारलं. तो म्हणाला, "इथले जुने कोच. सहा वेळा चॅम्पियन." एवढं सांगून तो मॅच बघायला लागला. मी इतिहासाचा मास्तर, मला एवढ्यावर कुठलं चैन पडायला! घरी येऊन लेकीच्या कॉम्प्युटरवर वाचत बसलो.

येग्ली मूळचे पेनसिल्व्हेनिया राज्यातले. तिथल्या वेस्ट चेस्टर कॉलेजच्या संघाने १९६१ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात ते खेळले होते. १९६३ साली ते इंडियाना विद्यापीठात आले आणि तिथल्या फुटबॉलच्या पोरांना शिकवू लागले.

आता हे विद्यापीठ कसलं, तर बास्केटबॉलवेडं. त्या राज्यात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटच समजा. पोहण्यातही मोठं नाव. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवणारा मार्क स्पिट्झ इथलाच विद्यार्थी. अशा श्रीमंत घरात फुटबॉल म्हणजे गरीब नातेवाईक. तिकडे विद्यापीठाचा अधिकृत संघ वेगळा आणि मुलांनी हौसेने चालवलेला क्लब वेगळा. अधिकृत संघाला पैसा, शिष्यवृत्त्या, मान. क्लबला यातलं काही नाही. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून सुरू होती, पण तिचं दार फक्त अधिकृत संघांना उघडं. येग्लींच्या वाट्याला आला होता क्लब.

आणि तो क्लबच राहिला. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल दहा वर्षं! १९७३ साली विद्यापीठाने फुटबॉलला अधिकृत दर्जा दिला तोपर्यंत.

इथे मी वाचायचा थांबलो. कॉलेजात मुलगा चार वर्षं असतो. म्हणजे १९६३ ला आलेली मुलं शिकून गेली, त्यांच्यामागची गेली, त्यांच्याही मागची मुलं निम्मी शिकून झाली. राष्ट्रीय स्पर्धेचं तोंडही न बघता ही पोरं घाम गाळून निघून गेली. पण कोच तिथेच.

पुढचा इतिहास झटपट सांगतो. अधिकृत झाल्यावर चौथ्याच हंगामात, १९७६ ला, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात. सान फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून १-० ने हार. (त्याच वर्षी त्यांच्या बास्केटबॉल संघाने एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं होतं. म्हणजे गावात ढोलताशे कुणाचे वाजले असतील, बघा!) १९७८ ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा सान फ्रान्सिस्को, पुन्हा हार. १९८० ला तिसऱ्यांदा तेच, ४-३, तेही जादा वेळेत. एखाद्याने कपाळावर हात मारून घेतला असता.

१९८१ ला संघाला नवं मैदान मिळालं. मी बसलो होतो तेच हे. आणि १९८२ ला ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा अडला, तो एकामागून एक जादा वेळ देत आठव्या जादा वेळेपर्यंत गेला! ग्रेग थॉम्पसन या खेळाडूने दुसरा गोल केला तेव्हा कुठे निकाल लागला. पहिला गोलही त्याचाच. ब्लूमिंग्टनला पाय ठेवल्यापासून एकोणीस वर्षांनी पहिलं विजेतेपद. मग १९८३, १९८८, १९९८ आणि १९९९.

मधे १९९४ ला आणखी एक हार आहे. त्या संघात त्यांचा मुलगा टॉड शेवटच्या वर्षाला होता. व्हर्जिनियाकडून १-० ने हरले. बाप कोच, लेक खेळाडू, आणि दोघांचा एकत्र शेवटचा सामना. त्या रात्री घरी जेवताना काय बोलले असतील दोघं, असं उगाच मनात आलं.

२००३ हा त्यांचा शेवटचा हंगाम. सुरुवात वाईट झाली. पहिल्या आठ सामन्यांत फक्त दोन विजय. त्यानंतर मात्र संघ एकही सामना हरला नाही आणि सेंट जॉन्सला २-१ ने हरवून विजेता झाला. सहावं विजेतेपद घेऊन गुरुजी निवृत्त! मला याहून भावली ती पुढच्या वर्षाची गोष्ट. त्यांच्या जागी त्यांचेच जुने खेळाडू आणि सहायक माइक फ्राइटॅग आले आणि २००४ लाही इंडियानाच जिंकलं. पुढे २०१० पासून टॉड कोच झाला आणि २०१२ ला त्यानेही विजेतेपद मिळवलं. मास्तर गेल्यावर वर्ग कसा चालतो, यावरून मास्तर कळतो, असं मी नेहमी म्हणतो.

येग्लींच्या नावावर ५४४ विजय लागतात, १०१ पराभव, ४५ बरोबरी. पण ही मोजणी १९७३ पासूनची. आधीची दहा वर्षं यात धरलेलीच नाहीत.

आता हे सगळं मला का लागलं, ते सांगतो. घरच्यांनाही हे पूर्ण ठाऊक नाही.

१९८४ च्या सुमारास मी कोल्हापूरजवळच्या एका गावच्या शाळेत होतो. कोल्हापूरचं फुटबॉलवेड तुम्हाला माहीत आहे. आमच्या पोरांनाही तेच वेड. शाळेच्या दप्तरी मात्र कबड्डी आणि खो-खो एवढेच खेळ. फुटबॉलला ना पैसा, ना प्रवासखर्च. मी म्हटलं, मी घेतो तुम्हाला. शाळा सुटल्यावर माळावर तासभर. एकच चेंडू, तोही ठिगळाचा. आजूबाजूच्या गावांशी सामने केले, बरेच हरलो, काही जिंकलो. तीन वर्षं चालवलं आणि चौथ्या वर्षी सोडून दिलं.

कारणं होती. घर लांब, एसटीच्या वेळा, वरिष्ठांचे टोमणे. आजवर मी हीच सांगत आलो. खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. कुणी मोजतच नाही तर कशासाठी, असं वाटायला लागलं होतं. येग्लींना विद्यापीठाची नोकरी होती, त्यांना काय झालं, असंही त्या रात्री मनाशी म्हणून पाहिलं. पण पगार मलाही होताच की!

शेवटच्या दिवशी संघातला एक मुलगा चेंडू घेऊन स्टाफरूमच्या दारात आला. म्हणाला, "सर, ह्यो तुमच्याकडंच ठेवा. पुढच्या वर्षी लागंल." मी तो कपाटात ठेवला. दोन वर्षांनी माझी बदली झाली. चेंडू कपाटातच राहिला.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. तब्येत विचारतो, पाऊसपाणी सांगतो. चेंडूचं कधी काढत नाही. मीही काढत नाही. यंदा मात्र मीच विचारणार आहे.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणी असं काही मधेच सोडलं असेल, किंवा न सोडता चालवलं असेल, तर जरूर कळवा. वाट बघतो.