पॉइंटच्या फटीत दडलेला वेळ

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये उभ्या असलेल्या ट्रकच्या इंजिनात ठिणगी पडत नाही. डिझेल इंजिनात हवा दाबून इतकी तापवली जाते, की तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. पण जवळच्याच शीव-पनवेल मार्गावर पूर्वी धावणाऱ्या, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला प्रत्येक ज्वलनासाठी ठिणगी लागे. बॅटरी अवघी १२ व्होल्टची. ठिणगीला मात्र हजारो व्होल्ट हवेत. हे जमते कसे?

याचे मूळ १८३१ साली फॅरडेने लावलेल्या शोधात आहे. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. बदल जितका झटपट, तितका दाब अधिक. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने या तत्त्वावर बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी केली व ती १९१०च्या कॅडिलॅक मोटारीत बसली. पॉइंट जुळलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहतो. फिरत्या कॅमने ते उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यातल्या हजारो वेढ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो.

खरी मेख पुढेच आहे. कॉइलमधला प्रवाह एकदम वाढत नाही. बादली भरावी तसा काही मिलिसेकंद घेऊन वाढतो. पॉइंट जुळलेले असताना कॅम जितके अंश फिरतो, त्याला 'ड्वेल' म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला कॅमचे ९० अंश येतात. त्यांपैकी ६० अंश ड्वेल धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेतो. एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. त्याचा सहावा भाग सुमारे ६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइल भरायची!

मेकॅनिक फीलर गेजची पाती पॉइंटमध्ये सरकवून सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवी. तो मोजत होता अंतर, पण ठरवत होता वेळ. फट जास्त झाली की ड्वेल घटे आणि वेगात ठिणगी दुबळी पडे. फट कमी झाली की ड्वेल वाढे, पॉइंट जळत आणि ठिणगीची वेळही मागे सरे. शिवाय कॅमवर घासणारा ठोकळा झिजून फट आपोआप कमी होई. म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावे लागे.

केटरिंगच्या रचनेची मर्यादाही इथेच होती. अंश कायम राहिले, तरी वेगाबरोबर वेळ बदलतो. इंजिन संथ असताना कॉइल भरून उगाच तापते, तर वेगात अपुरी भरते. ट्रान्झिस्टर आल्यावर पॉइंट गेले. आजचा संगणक बॅटरीचा दाब आणि इंजिनाचा वेग पाहून ड्वेल थेट मिलिसेकंदांतच ठरवतो. फॅरडेचा नियम मात्र तोच आहे.

वर्गात हेच गणित ६००० फेऱ्यांसाठी करून घ्यावे. उत्तर येईल सुमारे ३.३ मिलिसेकंद. मग विचारावे: बादली अर्धवटच भरली, तर गाडीचे काय होईल?