कनेक्टॅथॉन
कनेक्टॅथॉन : परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संगणक-कंपन्यांचे अभियंते आपापली यंत्रे एका जाळ्यावर जोडून त्यांतील सॉफ्टवेअर परस्परांशी जुळते की नाही, म्हणजेच त्यांची आंतरकार्यक्षमता, प्रत्यक्ष तपासतात, अशा मेळाव्याचे हे नाव. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८६ पासून असे मेळावे भरवले.

दुसऱ्या संगणकावरील फाइल स्वतःच्याच डिस्कवर असल्याप्रमाणे वापरू देणारी नेटवर्क फाइल सिस्टिम (एनएफएस) सनने १९८५ च्या सुमारास बाजारात आणली आणि तिचे विनिर्देश, म्हणजे संदेशांची रचना व अर्थ ठरवणारा दस्तऐवज, इतरांनाही खुले केले. काहींनी सनचीच आज्ञावली परवान्याने घेतली, तर काहींनी केवळ विनिर्देश वाचून स्वतःची लिहिली. मतभेदाला वाव होता तो मुख्यतः या दुसऱ्या वाटेवर. उदाहरणार्थ, फाइल पुसण्याची विनंती सर्व्हरने पार पाडली, पण उत्तर वाटेत हरवले, तर क्लायंट, म्हणजे सेवा मागणारा संगणक, तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि ‘अशी फाइलच नाही’ असे उत्तर मिळाल्याने यशस्वी झालेले काम फसले असे समजतो. यावर उपाय म्हणून अलीकडच्या विनंत्यांची उत्तरे सर्व्हरने काही काळ जपून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. असे दोष एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेत सहसा दडून राहतात, कारण तेथे दोन्ही टोकांची आज्ञावली एकाच समजुतीतून लिहिलेली असते. शिवाय वीस कंपन्या जमल्या, तर जोड्याच १९० होतात आणि प्रत्येक जोडीत दोघांनाही आळीपाळीने सर्व्हर व्हावे लागते.

या प्रथेचे मूळ इंटरनेटच्या टीसीपी-आयपी या संदेशवहन-नियमांच्या ‘बेक ऑफ’ नामक चाचण्यांत सापडते. जॉन पोस्टेल यांनी १९८७ मध्ये आरएफसी १०२५ या टिपणात त्यांची गुणपद्धती नोंदवली असून, परस्परविसंगत खुणा एकत्र असलेला ‘कामिकाझे’ संदेश पचवण्याची कसोटी तीत आहे. उत्तम सबबीलाही जादा गुण आहेत, आणि ही थट्टा अगदीच निरर्थक म्हणता येत नाही, कारण त्या काळी चाचणीतील वादातून कधी आज्ञावली बदलत असे, तर कधी विनिर्देशच.

प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रातील दोष जाहिरातीसाठी न वापरण्याचे बंधन हा अशा मेळाव्यांचा खरा आधार होय. त्यावाचून अपुरे सॉफ्टवेअर घेऊन कोणी आलेच नसते. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेल्यानंतर एनएफएसच्या चाचण्या ‘बेकॅथॉन’ या नावाने चालू राहिल्या. कनेक्टॅथॉन हे नाव मात्र रुग्णालयांतील माहिती-प्रणालींच्या परस्पर-चाचण्यांनीही स्वीकारले आहे.