कार्बनच्या वहीत कोयत्याची नोंद कुठे आहे?

मे 2025 मध्ये पेप्सिको या अमेरिकी कंपनीने एक तारीख बदलली. 2040 पर्यंत 'नेट झिरो' होऊ, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडू तितकाच काढून घेऊ, असे वचन तिने दिले होते. आता ते साल 2050 झाले. दहा वर्षे सहज पुढे गेली. दंड नाही, खटला नाही.

यात आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असे काही तरुण मित्र आम्हाला विचारतात. कार्बन हा पोटभरल्यांचा विषय आहे, असे त्यांना वाटते. आम्हाला हे मान्य नाही. का, ते समजायला या हिशेबाचा इतिहास पाहावा लागेल.

कंपन्यांनी आपला कार्बन कसा मोजावा, याचे जगभर चालणारे नियम 2001 मध्ये आले. त्यात तीन कप्पे आहेत. स्कोप 1 म्हणजे कंपनीचे स्वतःचे बॉयलर आणि गाड्या. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप 3 म्हणजे उरलेले सगळे: शेत, साखर, बाटली, दुकानातला फ्रीज. पेप्सिकोचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्सर्जन या तिसऱ्या कप्प्यात आहे. म्हणजे कंपनीचा खरा धूर तिच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, दुसऱ्याच्या रानात निघतो.

2016 मध्ये कंपनीने सांगितले: 2015 च्या तुलनेत 2030 पर्यंत एकूण उत्सर्जन किमान 20 टक्के कमी करू. जानेवारी 2021 मध्ये हा आकडा 40 टक्क्यांवर नेला. जगभर टाळ्या पडल्या. 2025 मध्ये मात्र नेट झिरोची तारीख सरकली आणि तुलनेचे साल 2015 ऐवजी 2022 झाले. आधारवर्ष बदलले की जुन्या वचनाचा हिशेब मागायची जागाच उरत नाही. 2030 पर्यंत 20 टक्के पेय पुन्हा वापरता येणाऱ्या पद्धतीने विकण्याचे लक्ष्यही सोडून दिले. व्यवसाय वाढला आणि बाहेरची परिस्थिती आपल्या हातात नाही, अशी कारणे दिली गेली. डिसेंबर 2024 मध्ये कोका-कोलानेही परत भरता येणाऱ्या बाटल्यांचे लक्ष्य असेच गुंडाळले होते.

मोजणीला आम्ही नावे ठेवत नाही. जातनिहाय जनगणना मागणाऱ्या समाजाला मोजणीची ताकद कळते. जे मोजले जात नाही, त्याला वाटाही मिळत नाही. म्हणूनच विचारायचे, या वहीत कोण मोजले जाते?

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यावर शोधवृत्त छापले. कोक आणि पेप्सीसाठी साखर पुरवणाऱ्या कारखान्यांचा ऊस कोणत्या हालात तोडला जातो, हे त्यात होते. आपली एक मोठी फ्रँचाइझी महाराष्ट्रातून साखर घेते, हे पेप्सिकोने मान्य केले. म्हणजे आपला फड या कंपनीच्या स्कोप 3 मध्येच आहे.

त्या फडातले खत, पंपाची वीज, डिझेल हे सगळे टनांत मोजता येते. पण नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, बाईच्या नावावर वेगळी मजुरी पडत नाही, हे त्यात येत नाही. मुकादमाची उचल फेडेपर्यंत माणूस बांधलेला असतो, खाडा झाला की दंड बसतो, हेही येत नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्याच्या पाहणीचा आकडा आला: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली. दर सहा जणींमागे एक! या बाया दलित, बंजारा, वंजारी समाजातल्या आहेत. मराठवाड्यात पाऊस हुकला की हीच माणसे गाव सोडतात. कार्बन सोडण्यात त्यांचा वाटा जवळजवळ शून्य, पण दुष्काळ आणि ऊन पहिल्यांदा त्यांच्याच वाट्याला.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात एक युक्तिवाद तपासला होता: राज्याने हस्तक्षेप थांबवला की स्वातंत्र्य मिळते. कोणाला मिळते, असे त्यांनी विचारले. जमीनदाराला खंड वाढवण्याचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढवण्याचे आणि मजुरी घटवण्याचे! कंपनीचे ऐच्छिक लक्ष्य हे त्याच जातीचे स्वातंत्र्य आहे. वचन तीच देते, मोजते तीच, मोडतेही तीच. आपल्याकडे सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला, पण स्कोप 3 चा आकडा ऐच्छिकच ठेवला. जिथे आपली माणसे उभी आहेत, नेमका तोच कप्पा मोकळा!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्कोप 3 सक्तीचा करा. आधारवर्ष बदलले तरी जुन्या वर्षाचा हिशेब जाहीर करत राहा. साखर कोणत्या कारखान्यातून येते, त्याचे नाव छापा. आणि टनांच्या शेजारी मजुरी, उचल, आरोग्य यांचेही रकाने ठेवा, ते ऊसतोड कामगारांच्या संघटनांकडून तपासून घ्या.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी यंदा कंपन्यांचे अहवाल वाचून फडावर जावे आणि वहीत नसलेली नावे लिहून आणावीत. चळवळीने ही वही आता आपल्या हातात घ्यायला हवी.

जय भीम.