रॉक अँड रोलचे तथाकथित अंधारयुग : १९५९ ते १९६३

रॉक अँड रोल या अमेरिकन संगीतप्रकाराच्या इतिहासाची मांडणी करताना सामान्यतः दोन पर्वे कल्पिली जातात. पहिले पर्व १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुरू होते. चक बेरी, लिट्ल रिचर्ड व एल्व्हिस प्रेस्ली हे त्याचे नायक होत. दुसऱ्या पर्वाचा आरंभ बीटल्स हा लिव्हरपूलचा वाद्यवृंद ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रकट झाला त्या दिवसापासून धरतात. या दोहोंमधील वर्षे मात्र ऱ्हासाची व अनुकरणाची, किंबहुना एक प्रकारचे अंधारयुग म्हणून थोडक्यात उरकली जातात. ही कालविभागणी कितपत ग्राह्य आहे याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या मतास काही आधार आहे हे नाकारता येत नाही. लिट्ल रिचर्ड यांनी १९५७ मध्ये धर्मकार्यासाठी हे संगीत सोडले. १९५८ मध्ये प्रेस्ली सैन्यात दाखल झाले, आणि त्याच वर्षी जेरी ली लुइस यांची लोकप्रियता तेरा वर्षांच्या नात्यातील मुलीशी केलेल्या विवाहाच्या बोभाट्याने ओसरली. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यातील विमान-अपघातात बडी हॉली मृत्युमुखी पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेरी यांना अटक झाली व पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. रेडिओवर तबकड्या वाजविण्यासाठी निवेदकांना लाच दिली जाते, या आरोपाची १९६० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. तीत ॲलन फ्रीड या अग्रगण्य निवेदकाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. याच सुमारास फेबियन यांच्यासारख्या गोड चेहऱ्याच्या तरुण गायकांना मोठी प्रसिद्धी मिळाली, हेही खरे.

तथापि ही सारी संकटे व्यक्तींवर कोसळलेली होती. नायकांचा अस्त म्हणजे कलेचा अस्त, असे गृहीत धरल्याशिवाय त्यांवरून ऱ्हासाचा निष्कर्ष निघत नाही. वस्तुतः या वर्षांत सर्जनाचे केंद्र रंगमंचावरून ध्वनिमुद्रणगृहाकडे सरकले. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीने १९५८ मध्येच आठ स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रण करणारे यंत्र बसविले होते. याच कंपनीसाठी ड्रिफ्टर्स या कृष्णवर्णीय गायकवृंदाने १९५९ मध्ये ‘देअर गोज माय बेबी’ हे गीत मुद्रित केले. त्यात ऱ्हिदम अँड ब्लूजच्या गायनामागे व्हायोलिनादी तंतुवाद्यांचा समूह योजला होता. अशा मुद्रणात तबकडी ही मैफलीची केवळ नोंद राहिली नाही. निर्मात्याने घडविलेली ती एक स्वतंत्र कृती ठरली.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील छोट्या खोल्यांत पगारावर गीते रचणाऱ्या तरुण जोड्यांचे कार्यही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. कॅरोल किंग व जेरी गॉफिन यांनी रचलेले ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गीत शिरेल्स या चार कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदाने १९६० मध्ये मुद्रित केले. १९६१ च्या जानेवारीत ते अमेरिकन क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदास हा मान प्रथमच मिळत होता. आजच्या प्रेमाचे उद्या काय होणार हा तरुणीच्या मनातील प्रश्न त्यात तिच्याच बाजूने विचारलेला आहे. आरंभीच्या पुरुषप्रधान रॉक अँड रोलमध्ये या आवाजास फारसे स्थान नव्हते.

डिट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबीयांकडून ८०० डॉलर कर्ज घेऊन जी संस्था उभारली, ती पुढे मोटाउन या नावाने विख्यात झाली. मार्व्हलेट्स या मुलींच्या वृंदाने १९६१ मध्ये तिला पहिले सर्वोच्च यश मिळवून दिले. मेम्फिसमध्ये स्टॅक्स या कंपनीच्या आश्रयाने श्वेत व कृष्ण वादक एकत्र बसून वाजवीत होते. वर्णभेदाने विभागलेल्या दक्षिणेतील शहरात ही सामान्य गोष्ट नव्हती.

या काळाच्या समृद्धीचा सर्वांत निर्णायक पुरावा खुद्द बीटल्सच्याच कृतीत सापडतो. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत चौदा गीते असून त्यांपैकी आठ त्यांची स्वतःची आहेत. उरलेली सहाही गीते त्यांनी १९६० ते १९६२ या काळातील अमेरिकन मुद्रणांवरून उचलली. त्यांतील दोन शिरेल्सची असून एक किंग-गॉफिन यांच्या रचनांपैकी आहे. त्याच वर्षाच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत बेरी यांचे एक, तर मोटाउनची तीन गीते आहेत. ज्यांनी अंधारयुगाचा अंत केला असे म्हणतात, त्यांनी आपली शिदोरी त्याच युगातून बांधून घेतली होती.

मग हे युग अंधारे का ठरले? याचे उत्तर संगीतापेक्षा इतिहासलेखनात शोधावे लागते. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने ऱ्हिदम अँड ब्लूजची स्वतंत्र क्रमवारी १९६३ च्या नोव्हेंबरअखेर बंद केली व १९६५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केली. दोन्ही श्रोतृवर्गांची आवड इतकी एकरूप झाली होती. परंतु दशकाच्या उत्तरार्धात स्वतःची गीते रचणाऱ्या व वाद्ये वाजविणाऱ्या वृंदांच्या संगीतास ‘रॉक’ म्हणू लागले. हे वृंद बहुतांशी श्वेतवर्णीय पुरुषांचे होते. कृष्णवर्णीयांचे संगीत ‘सोल’ या वेगळ्या नावाखाली गेले. १९६७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’सारखी नियतकालिके निघाली व समीक्षेने नव्या रॉकचा निकष मागील काळास लावला. त्या निकषावर दुसऱ्याची गीते गाणाऱ्या मुली अर्थातच उतरल्या नाहीत. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रथमच निवडलेल्या दहाही कलावंतांत एकही स्त्री नव्हती. शिरेल्सना तेथे स्थान मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

सारांश, १९५९ ते १९६३ हा खंड रॉक अँड रोलच्या विकासातील पोकळी नसून त्याच्या रूपांतराचा काळ होय. नायकांच्या चरित्रांवरून काळाच्या सीमा आखल्या म्हणजे गीतकार, निर्माते, भाडोत्री वादक व गायिकावृंद यांचे सामुदायिक श्रम सीमेबाहेर पडतात. ज्या काळास इतिहासकार अंधारा म्हणतो, तेथे खरोखरच दिवे नव्हते की त्याची दृष्टी अन्यत्र खिळली होती, ही शंका अशा प्रत्येक कालविभागणीविषयी घेणे इष्ट आहे.