गाडीच्या झटक्याची कुळकथा

बीडहून सोलापूरकडे निघालेली पेट्रोल गाडी मांजरसुंब्याच्या घाटात रेस दिल्याबरोबर क्षणभर दबते आणि मग एकदम उसळते. गॅरेजात तक्रार ठरलेली असते, 'पिकअप खाते, मधेच झटके देते.' आधी प्लग बदलून होतात, मग पेट्रोलचा फिल्टर. शेवटी संशय जातो तो थ्रॉटल बॉडीच्या कडेला दोन स्क्रूंवर बसवलेल्या काळ्या डबीवर. तिचं नाव थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तोंडी सगळे टीपीएसच म्हणतात.

डबीच्या पोटात कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते. तिच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला अर्थ. हवेची झडप फिरते तसं पट्टीवरून एक बारीक पातं सरकतं आणि तिसऱ्या वायरीवरून इंजिनाच्या संगणकाला व्होल्टेज देतं. झडप मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. हे घराणं पोटेन्शिओमीटरचं. योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये व्होल्टेज मोजण्याची जी पद्धत मांडली, तिथून ते सुरू होतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटन याच घराण्यातलं. ते फिरवताना ठरावीक जागी खरखर येते, कारण तिथे पट्टी झिजलेली असते. गाडीत झीज तीच. खरखरीच्या जागी झटका येतो.

इंजिनात हा वारस हळूहळू शिरला. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंधन फवारणीची प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली, तेव्हा झडपेपाशी नुसता स्विच होता. झडप मिटली आहे की उघडू लागली आहे, एवढंच त्याला कळे. किती उघडली, हे सतत सांगणारी पट्टी नंतर आली. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवरही असा सेन्सर बसवला, आणि सोबत दोष सांगणारा दिवाही दिला. तपासणीच्या कपलरमधली दोन टोकं वायरीने जोडायची आणि लुकलुकणं मोजायचं. दोनदा, थांबून एकदा, म्हणजे कोड एकवीस. थ्रॉटल सेन्सर पाहा.

ही सोय वाढली ती धुरामुळे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतःच करावी अशी सक्ती केली. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या कारना एकच कपलर आणि एकच कोडभाषा आली. पी ०१२० ते पी ०१२४ हे कोड त्यातलेच.

आपल्याकडेही वाट प्रदूषणाचीच. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी युरो निकषांचा आदेश दिला आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. २०१० मध्ये युरोच्याच धर्तीचं बीएस-४, म्हणजे भारत स्टेज चार, निवडक शहरांना लागू झालं, त्यात शेजारचं सोलापूर होतं. देशभर ते १ एप्रिल २०१७ ला आलं, आणि २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक दुचाकींतही हा सेन्सर पोचला. बीडच्या मिस्त्र्यांचे हात मात्र काळ्या-पिवळ्या डिझेल जीपवर तयार झालेले. तिथे पायाचा हुकूम तार नाही तर दांडी पोचवायची. विजेचा संबंधच नव्हता.

म्हणून कोड वाचणारा स्कॅनर आला तेव्हा तो अंतिम शब्द वाटला. पण कायद्याच्या पोटी जन्मलेल्या या कोडला काळजी धुराची, झटक्याची नव्हे. पी ०१२२ म्हणजे व्होल्टेज कमी. त्याला सेन्सर जबाबदार असेल, तुटलेली वायर असेल, नाहीतर कपलरमध्ये चढलेला गंजही असेल. उलट पट्टीवरची बारीकशी झीज डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जाते आणि कोड पडतच नाही.

तेव्हा मीटर काढावा लागतो, तोही शक्यतो काट्याचा. इग्निशन चालू, इंजिन बंद. एक टोक सिग्नलच्या वायरीला, दुसरं अर्थला. झडप अगदी सावकाश उघडायची. काटा एकसारखा चढला तर डबी निर्दोष. मधेच खाली कोसळून परत वर आला तर चोर सापडला. साधा डिजिटल मीटर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो, त्यामुळे ही बुडी त्याच्या हातून निसटू शकते. आणि काटा बहुधा सुरुवातीच्या थोड्या उघडीतच गडबडतो. गावात रोज तेवढीच रेस लागते, म्हणून पट्टी तिथेच जास्त घासली जाते.

नव्या गाड्यांत पायाची तारही गेली. झडप मोटर फिरवते आणि तिच्यावर दोन सेन्सर बसतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज चढताना दुसऱ्याचं उतरतं आणि बेरीज पाचाच्या आसपास राहते. दोघांचं पटेनासं झालं की संगणक रेस तोडतो आणि गाडी रखडत चालते. इथे कोड चटकन पडतो, पण डबी बहुधा सुटी मिळत नाही; अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. जुन्या गाडीत अंदाजाने बदललेल्या सेन्सरचा भुर्दंड थोडक्यात आटोपायचा. आता त्याच अंदाजाची किंमत कितीतरी पट झाली आहे, म्हणून कोड पाहिल्यावरही आधी वायर आणि कपलर मीटरने तपासून घ्यायचे, मगच पार्ट मागवायचा.