व्यापारचिन्ह आणि नाममुद्रा

व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणजे एका व्यावसायिकाचा माल किंवा सेवा इतरांपेक्षा वेगळी ओळखू येण्यासाठी वापरलेले नाव, शब्द, चित्र अथवा आकृती होय. नाममुद्रा (ब्रँड) ही त्या चिन्हाभोवती ग्राहकाच्या मनात तयार झालेली प्रतिमा असते. व्यापारचिन्ह ही कायद्याने मान्य केलेली मालमत्ता आहे, तर नाममुद्रेचा पाया अनुभव आणि विश्वास हा असतो.

कायदेशीर स्वरूप

भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण करता येते. केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दांची सहसा नोंदणी होत नाही. त्यामुळे 'सातारी कंदी पेढे' असे शब्द कोणा एका मिठाईवाल्याला आपल्यापुरते राखून ठेवणे अवघड असते. प्रत्येक दुकान आपल्या स्वतंत्र नावाने ओळखले जाते.

किर्लोस्कर नावाचे उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्हा) येथे कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगराच्या प्रत्यक्ष वापरातून ती हळूहळू दूर झाली. १९२० मध्ये तेथून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. पुढे ते 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. अशा रीतीने एक आडनाव यंत्रे आणि वाचन या दोन्हींशी जोडले गेले.

या नावाच्या वापरावरून पुढे वाद झाला. 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मूळ समूहाच्या बाजूने दिलेला मनाई आदेश कायम ठेवला. दोन्ही पक्षांचा व्यवसाय वेगळा असला तरी, घरोघरी परिचित असलेल्या नावामुळे ग्राहकाचा गैरसमज होऊ शकतो, असे न्यायालयाने मानले. स्वतःचे नाव व्यवसायात वापरण्याची व्यक्तीला असलेली मुभा कंपनीसारख्या कृत्रिम व्यक्तीला लागू होत नाही, असेही स्पष्ट केले.

भौगोलिक मानांकनाशी फरक

महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. व्यापारचिन्हाची मालकी एका व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे असते व ती विकता येते. भौगोलिक मानांकन त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामुदायिक असते आणि ते दुसऱ्याला विकता येत नाही. एखादा व्यापारी मानांकित सांगली हळद स्वतःच्या व्यापारचिन्हाखाली विकू शकतो. अशा पुडीवर दोन्ही ओळखी एकत्र येतात.

ग्राहकावरील परिणाम

खरेदीपूर्वी पंप किंवा हळदीचा कस पारखणे ग्राहकाला कठीण असते. म्हणून तो परिचित नावावर विसंबतो. नक्कल झाल्यास ग्राहकाची फसवणूक होते आणि मूळ उत्पादकाची पतही घटते. नोंदणीमुळे नक्कल रोखण्याचा हक्क मिळतो. मात्र मालाचा दर्जा घसरल्यास चिन्ह नोंदवहीत कायम राहते आणि नाममुद्रेवरील विश्वास ओसरतो.